क्वांटम संगणकाला आज काय येते आणि काय येत नाही

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने ‘विलो’ नावाची क्वांटम चिप जगासमोर आणली आणि तिच्याबरोबर एक आकडाही आला. या चिपने पाच मिनिटांच्या आत केलेली आकडेमोड करायला आजच्या अव्वल महासंगणकाला १ वर २५ शून्ये इतकी वर्षे लागतील, असा कंपनीचा अंदाज होता. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते, म्हणजे हा आकडा विश्वाच्या वयालाही खुजे ठरवणारा आहे. बातमी वाचणाऱ्याला साहजिकच पुढचा प्रश्न पडतो: असे यंत्र हाती असताना त्यावर हवामानाचे अंदाज, नवी औषधे, बँकांचे हिशेब यांपैकी काहीच का चालत नाही?

उत्तर असे की यंत्राने ती आकडेमोड खरोखरच केली, आणि त्या आकडेमोडीतून निघालेल्या उत्तराचा कोणाला काही उपयोग नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजले की क्वांटम संगणकाविषयीच्या बहुतेक बातम्या नीट वाचता येतात. त्यासाठी उच्च गणिताची गरज नाही. मात्र एक लोकप्रिय वाक्य आधी बाजूला ठेवावे लागते. ‘क्वांटम संगणक सगळी उत्तरे एकाच वेळी तपासून पाहतो’ हे ते वाक्य. शाळेतल्या प्रकल्पांपासून मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींपर्यंत ते सर्वत्र आढळते आणि माझ्या मते या विषयातले निम्मे गैरसमज त्यातूनच जन्माला येतात.

क्यूबिट म्हणजे काय

नेहमीच्या संगणकात माहितीचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे बिट. तो दिव्याच्या बटणासारखा असतो: चालू किंवा बंद, १ किंवा ०. क्वांटम संगणकातील अशा तुकड्याला क्यूबिट म्हणतात. तो अणू, आयन, प्रकाशकण किंवा अतिशय थंड केलेले विद्युत मंडल यांपैकी कशाचाही बनवता येतो. क्यूबिट मोजला, म्हणजे त्याची स्थिती वाचली, की उत्तर ० किंवा १ असेच येते. मोजण्यापूर्वी मात्र तो या दोन शक्यतांच्या मिश्रणात असू शकतो. या मिश्र स्थितीला सुपरपोझिशन म्हणतात.

हे समजावताना गरगर फिरणाऱ्या नाण्याचा दाखला हमखास दिला जातो, पण तो अपुरा आहे, कारण नाण्याला छापा-काटा पडण्याची फक्त संभाव्यता असते आणि संभाव्यता नेहमी शून्य किंवा त्याहून जास्तच असते. क्यूबिटच्या प्रत्येक शक्यतेला जोडलेली संख्या वेगळ्या जातीची आहे. तिला आयाम म्हणतात आणि ती लाटेप्रमाणे वागते. पाण्यावरच्या लाटेला जसा उंचवटा असतो तसा खळगाही असतो, त्याप्रमाणे आयाम धन असू शकतो तसा ऋणही असू शकतो. दोन आयाम एकत्र आले तर ते एकमेकांना बळ देतील किंवा एकमेकांना पुसूनही टाकतील. एखादी शक्यता दुसऱ्या मार्गाने आलेल्या त्याच शक्यतेला खोडून टाकते, असे नाण्याच्या बाबतीत कधीच घडत नाही. क्वांटम संगणकाचे सारे बळ या एका फरकात आहे.

दोन क्यूबिट असतील तर ००, ०१, १०, ११ अशा चार शक्यता आणि म्हणून चार आयाम होतात. प्रत्येक नव्या क्यूबिटबरोबर ही संख्या दुप्पट होते. ५० क्यूबिटांचे वर्णन करायला सुमारे १,१२६ लाख कोटी आयाम लागतात, आणि ३०० क्यूबिटांसाठी लागणाऱ्या आयामांची संख्या दृश्य विश्वातील अणूंच्या अंदाजित संख्येहून मोठी भरते. शिवाय हे क्यूबिट परस्परांत असे गुंतवता येतात की एकेकट्याचे वर्णन करणे अशक्य होते आणि वर्णन करायचे तर सर्वांचे मिळूनच करावे लागते. याला एंटँगलमेंट म्हणतात. या गुंतण्यामुळेच नेहमीच्या संगणकावर त्यांची नक्कल करणे इतके जड जाते.

इथवर ऐकून कोणीही म्हणेल, मग यात लाखो कोटी उत्तरे एकाच वेळी मावलीच की. अडचण अशी की ती बाहेर काढता येत नाहीत. ५० क्यूबिट मोजले की ५० अंकांची ०-१ ची एकच माळ हाती येते आणि बाकीचे सारे आयाम नाहीसे होतात. ५० क्यूबिटांतून ५० बिटांपेक्षा जास्त माहिती वाचता येत नाही, हे अलेक्झांडर होलेव्हो या गणितज्ञाने १९७३ मध्येच, म्हणजे क्वांटम संगणकाची कल्पना रुजण्याआधीच, सिद्ध केले होते. सगळ्या शक्यता मिश्रणात ठेवून लगेच मोजले तर त्यातली कोणतीतरी एक नशिबाने मिळेल. तेवढ्यासाठी फासे टाकले तरी चालतात.

मग ताकद येते कोठून

ती येते लाटांच्या एकमेकांना पुसण्यातून, ज्याला शालेय पुस्तकांत व्यतिकरण म्हणतात. गोंगाट शमवणारे हेडफोन बाहेरचा आवाज ऐकून त्याच्या अगदी उलट आकाराची ध्वनिलहर कानात सोडतात आणि दोन्ही लहरी मिळून शांतता निर्माण होते. क्वांटम अल्गोरिदम रचणाऱ्याचे कामही याच जातीचे आहे: क्रियांची मांडणी अशी करायची की चुकीच्या उत्तरांकडे जाणारे आयाम एकमेकांना पुसून टाकतील आणि बरोबर उत्तराकडे जाणारे एकमेकांत मिळून मोठे होतील. मग मोजताना बरोबर उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. पण बरोबर उत्तर कोणते हे आधी ठाऊक नसताना अशी मांडणी करायची तर त्या प्रश्नातच काहीतरी दडलेली रचना असावी लागते. अशा रचना असलेले प्रश्न थोडे आहेत.

त्यातला सर्वांत प्रसिद्ध प्रश्न म्हणजे मोठ्या संख्येचे अवयव पाडणे. १९९४ मध्ये पीटर शोर यांनी त्यासाठी क्वांटम पद्धत शोधली. तिचे मर्म एका छोट्या उदाहरणात दिसते, आणि मला ते इतके सुंदर वाटते की वाचकाने कागद-पेन घेऊन करून पाहावे. १५ चे अवयव हवे आहेत असे समजू. २ चे घात लिहा: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. प्रत्येकाला १५ ने भागून बाकी लिहा: २, ४, ८, १, २, ४, ८, १. चार पायऱ्यांनी तीच माळ पुन्हा सुरू होते, म्हणजे आवर्तन ४ चे आहे. आता या ४ च्या निम्मा घात घ्या: २ चा वर्ग ४. त्यातून १ वजा केला तर ३, त्यात १ मिळवला तर ५. हेच १५ चे अवयव. कधी कधी २ ऐवजी दुसऱ्या संख्येपासून सुरुवात करावी लागते, एवढेच.

म्हणजे अवयवांचा प्रश्न आवर्तन शोधण्याच्या प्रश्नात बदलता येतो. संख्या सहाशे अंकी असेल तर आवर्तनही प्रचंड लांब असते आणि एकेक बाकी लिहीत तिथवर पोहोचणे कोणत्याही संगणकाला शक्य नाही. पण आपण एखादा सूर ओळखतो तेव्हा हवेची एकेक कंपने मोजत बसत नाही. कंपनांच्या नियमितपणातून सूर थेट जाणवतो. शोर यांच्या पद्धतीत आयामांच्या लाटा याच रीतीने आवर्तनाशी जुळणाऱ्या ठिकाणी एकत्र येतात आणि इतरत्र पुसल्या जातात.

दुसरी गाजलेली पद्धत लव ग्रोव्हर यांची, १९९६ ची. दहा लाख बंद खोक्यांपैकी एकात वस्तू आहे आणि ती कोठे असेल याचा काहीही सुगावा नाही, अशा वेळी नेहमीच्या पद्धतीने सरासरी पाच लाख खोकी उघडावी लागतात. ग्रोव्हर यांच्या पद्धतीला सुमारे आठशे पायऱ्या पुरतात. फायदा मोठा आहे, तरी तो वर्गमुळाच्या प्रमाणातला आहे, आणि सुगावा नसलेल्या शोधात याहून चांगले काही करता येणार नाही याची गणिती सिद्धता उपलब्ध आहे. ‘सगळी उत्तरे एकाच वेळी’ हे वाक्य खरे असते तर एकच पायरी पुरली असती.

अवघड प्रश्न सगळेच सुटतील का

नाही. शेकडो ठिकाणांना भेट देणारा सर्वांत छोटा मार्ग काढणे, परस्परविरोधी अटी सांभाळून मोठे वेळापत्रक बसवणे, अशा अनेक प्रश्नांवर सर्व परिस्थितींत झटपट चालणारी क्वांटम पद्धत कोणालाही सापडलेली नाही आणि ती मुळात अस्तित्वातच नसावी असे बहुतेक तज्ज्ञांना वाटते. काही खास प्रकारच्या प्रश्नांत थोडाफार लाभ मिळेल, पण क्वांटम यंत्राच्या एकेका पायरीला लागणारा वेळ नेहमीच्या प्रोसेसरच्या पायरीहून खूप जास्त असल्यामुळे छोटा लाभ त्यातच खर्ची पडतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या दाव्यांत आणखी एक अडथळा असतो, ज्याचा उल्लेख सहसा होत नाही. मोठा माहितीसाठा आधी यंत्रात भरावा लागतो आणि प्रत्येक नोंद वाचून आत घालण्यातच, पुढे होणारी वेळेची बचत संपून जाते. २०१८ मध्ये याचे मोठे बोलके उदाहरण घडले. ग्राहकाला काय आवडेल याचा अंदाज बांधणारी एक क्वांटम पद्धत नेहमीच्या पद्धतींपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान मानली जात होती. अवघ्या अठरा वर्षांच्या युइन टँग या विद्यार्थिनीने तिच्याशी बरोबरी करू शकणारी पद्धत साध्या संगणकासाठी शोधून काढली. क्वांटम पद्धतीची तुलना नेहमी सर्वोत्तम साध्या पद्धतीशी व्हायला हवी, आणि ती सर्वोत्तम पद्धत कधी कधी अजून सापडलेलीच नसते, हे त्यावरून कळले.

खरी अडचण: चुका

आतापर्यंत सांगितले ते निर्दोष यंत्राविषयी. प्रत्यक्षातील यंत्र सदोष आहे आणि आजची परिस्थिती ठरते ती या दोषांमुळेच. क्यूबिटमधील आयामांचा मेळ अतिशय नाजूक असतो. उष्णता, भटके विद्युतचुंबकीय तरंग, पदार्थातील सूक्ष्म दोष, शेजारच्या क्यूबिटचा त्रास, यांपैकी कशानेही तो बिघडतो. वाऱ्यात पत्त्यांचा बंगला उभारण्यासारखे हे काम आहे, आणि इथे तर पत्ते सतत हलवतही राहायचे असतात. म्हणूनच गूगल आणि आयबीएम यांच्या अतिसंवाहक (थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या) चिपा निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे शक्य असलेल्या सर्वांत कमी तापमानाच्या, वर एका अंशाच्या काही शतांश इतक्याच तापमानाला ठेवतात. अंतराळाची पोकळीही त्याहून कितीतरी उबदार असते. एवढे करूनही विलोसारख्या चिपमधील मेळ टिकतो तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. लेझरने जागच्या जागी धरून ठेवलेले अणू आणि विद्युतक्षेत्रांनी धरून ठेवलेले आयन मेळ जास्त काळ टिकवतात, पण त्यांच्या क्रिया बऱ्याच संथ असतात.

दोन क्यूबिटांवरची एक क्रिया करताना चूक होण्याचे प्रमाण, आजच्या चांगल्या यंत्रांत, साधारण शंभरात एक ते हजारात एक असते. हजारात एक हे प्रमाण ऐकायला उत्तम वाटते. पण सलग हजार क्रिया केल्या तर सर्व बिनचूक होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के उरते, आणि दहा हजार क्रिया केल्या तर लाखात चार-पाच. उपयोगी रासायनिक आकडेमोडीला किंवा शोर यांच्या पद्धतीला अब्जावधी क्रिया लागतात. आपल्या खिशातील फोन सेकंदाला अब्जावधी क्रिया करतो आणि महिनोन्महिने चुकत नाही, याची सवय झाल्यामुळे ही दरी किती मोठी आहे हे आपल्या चटकन लक्षात येत नाही.

या टप्प्यावरील यंत्रांना २०१८ मध्ये जॉन प्रेस्किल या भौतिकशास्त्रज्ञाने नाव दिले: मध्यम आकाराची, गोंगाट असलेली क्वांटम यंत्रे. गोंगाट म्हणजे चुका. बातमीत जेव्हा फक्त क्यूबिटांची संख्या दिलेली असते, तेव्हा निम्मीच माहिती दिलेली असते. आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्ये १,१२१ क्यूबिटांची चिप जाहीर केली होती. त्यानंतर वर्षभराने आलेली विलो फक्त १०५ क्यूबिटांची होती, तरीही शास्त्रज्ञांना ती अधिक महत्त्वाची वाटली. त्याचे कारण पुढे येते.

मग चुका दुरुस्त का करत नाहीत

खराब फोनलाइनवर आपण एकच वाक्य तीनदा सांगतो आणि ऐकणारा तिन्हींतून बरोबर काय ते ठरवतो. नेहमीच्या संगणकातील त्रुटिदुरुस्तीचे मूळ तत्त्व हेच आहे. क्यूबिटच्या बाबतीत दोन गोष्टी आड येतात. एक, अज्ञात क्वांटम स्थितीची नक्कल करताच येत नाही. १९८२ मध्ये सिद्ध झालेला हा निसर्गनियमच आहे, तंत्रज्ञान सुधारल्याने तो बदलणार नाही. दुसरी, चूक झाली का हे पाहायला क्यूबिट मोजावा तर मोजण्यानेच तो बिघडतो. यामुळे क्वांटम संगणक कधीच चालणार नाही, असे त्या काळी अनेक जाणकारांचे मत होते आणि ते अविचारी मुळीच नव्हते.

१९९५ मध्ये शोर यांनीच यातून वाट काढली. एका क्यूबिटची माहिती नऊ क्यूबिटांत गुंतवून ठेवायची आणि कोणताही क्यूबिट न वाचता फक्त त्यांच्यातील नाते तपासायचे. दोन बंद पाकिटे न फोडता ‘या दोहोंतील मजकूर सारखा आहे का?’ एवढेच विचारावे, तसे हे आहे. उत्तर ‘नाही’ आले तर कोठेतरी चूक झाल्याचे कळते, मजकूर मात्र गुप्तच राहतो. अशा रीतीने अनेक क्यूबिटांच्या समूहात जपलेल्या एका क्यूबिटला तार्किक क्यूबिट म्हणतात आणि त्या समूहातील प्रत्यक्ष क्यूबिटांना भौतिक क्यूबिट.

येथे एक मोठी अट आहे. ही तपासणी करणारे क्यूबिट स्वतःच खूप चुका करणारे असतील तर त्यांची संख्या वाढवल्याने गोंधळच वाढतो. भौतिक क्यूबिटांच्या चुकांचे प्रमाण एका ठरावीक उंबरठ्याच्या खाली गेले, तरच समूह मोठा करत नेल्यावर तार्किक क्यूबिट अधिक टिकाऊ होतो. विलोचे खरे यश हे होते. समूहाची जाळी ३ बाय ३ वरून ५ बाय ५ आणि मग ७ बाय ७ केली, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर चुकांचे प्रमाण निम्म्याहून थोडे खाली आले. मोठा समूह खरोखरच अधिक विश्वासार्ह ठरला. जवळजवळ तीस वर्षे जे केवळ कागदावर होते ते यंत्रात दिसले, आणि १ वर २५ शून्यांच्या झगमगाटात नेमकी हीच बातमी झाकली गेली याची मला हळहळ वाटते.

सर्वांत मोठ्या समूहात, तपासणीचे क्यूबिट धरून, १०१ भौतिक क्यूबिट मिळून एकच तार्किक क्यूबिट झाला होता. तो कसलीही आकडेमोड करत नव्हता. आपली स्थिती टिकवून धरणे एवढेच त्याचे काम होते.

पण ‘क्वांटम श्रेष्ठत्व’ तर सिद्ध झाले होते ना

ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने ५३ क्यूबिटांच्या ‘सिकॅमोर’ चिपवर २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकावर १०,००० वर्षे लागतील असे म्हटले. साध्या संगणकाला व्यवहारात न जमणारे काम क्वांटम यंत्राने करून दाखवणे, यालाच ‘क्वांटम श्रेष्ठत्व’ म्हणतात. ते काम असे होते: क्यूबिटांवर यदृच्छेने निवडलेल्या क्रियांची मालिका चालवायची, शेवटी ते मोजायचे आणि मिळणाऱ्या ०-१ च्या माळा गोळा करायच्या. क्वांटम यंत्राने स्वतःसारखेच वागावे, एवढीच ही परीक्षा आहे, म्हणून ती त्याला सोपी आणि इतरांना अवघड जाते. तिच्या उत्तराने कोणताही बाहेरचा प्रश्न सुटत नाही. शिवाय चुकांमुळे त्या माळांमधील खऱ्या संकेताचा अंश हजारात दोनच्या आसपास होता. उरलेला सगळा गोंगाट होता.

आयबीएमने लगेच आक्षेप घेतला की महासंगणकाची साठवणक्षमता नीट वापरली तर हे काम अडीच दिवसांत होईल. पुढच्या काही वर्षांत चिनी संशोधकांनी शेकडो ग्राफिक्स प्रोसेसर वापरून त्याच जातीचे काम काही तासांवर आणले. जून २०२३ मध्ये आयबीएमने १२७ क्यूबिटांच्या चिपवर चुंबकीय पदार्थाच्या एका प्रतिरूपाची आकडेमोड प्रसिद्ध केली, तेव्हाही काही आठवड्यांतच इतर गटांनी साध्या संगणकांवर तशीच उत्तरे काढून दाखवली. यावरून क्वांटम यंत्रे फसवी आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चुरस खरी आहे आणि प्रत्येक आव्हानाने दोन्ही बाजूंच्या पद्धती सुधारल्या आहेत. पण ‘इतकी वर्षे लागतील’ हा आकडा साध्या संगणकांसाठी आज माहीत असलेल्या पद्धतींवर उभा असतो आणि त्या पद्धती सुधारत राहतात. विलोच्या आकड्याकडेही याच नजरेने पाहावे.

माझी गुप्त माहिती धोक्यात आहे का

आज नाही. बँकेचे व्यवहार आणि संकेतस्थळांची ओळख जपणारी आरएसए ही पद्धत सुमारे ६१७ अंकी संख्येचे अवयव पाडणे अवघड आहे या गृहीतावर उभी आहे. शोर यांच्या पद्धतीचे प्रात्यक्षिक २००१ मध्ये सात क्यूबिटांवर झाले आणि त्यात १५ चे अवयव ३ व ५ असे मिळाले. त्यानंतर २१ ची पाळी आली. याहून मोठ्या संख्यांचे जे विक्रम अधूनमधून जाहीर होतात, त्यांत बहुधा उत्तराची माहिती आधीच वापरून काम सोपे केलेले असते.

तरीही निश्चिंत राहण्यासारखी स्थिती नाही. २०१९ मध्ये अंदाज होता की ६१७ अंकी संख्या फोडायला दोन कोटी भौतिक क्यूबिट आणि आठ तास लागतील. मे २०२५ मध्ये त्याच विषयाचे एक संशोधक क्रेग गिडनी यांनी हा अंदाज दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि एका आठवड्याहून कमी वेळ इतका खाली आणला. दोन्ही अंदाजांत क्यूबिटांच्या चुकांचे प्रमाण तेच धरले होते. सुधारणा झाली ती पद्धतीत. शिवाय आज चोरून साठवलेले सांकेतिक संदेश पुढे यंत्र तयार झाल्यावर उघडता येतील, म्हणून ज्यांची गुपिते वीस-तीस वर्षे टिकायला हवीत त्यांच्यासाठी धोका आजपासूनच सुरू होतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या तीन पद्धतींची मानके प्रसिद्ध केली. त्या साध्या संगणकावर आणि फोनवरच चालतात. सामान्य वापरकर्त्याने त्यासाठी फोन आणि ब्राउझर अद्ययावत ठेवणे पुरेसे आहे.

आज प्रत्यक्षात काय जमते

काही गोष्टी जमतात आणि त्या क्षुल्लक नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ या यंत्रांवर अणूंच्या व चुंबकीय कणांच्या समूहांची वर्तणूक तपासतात, कारण मुळात क्वांटम असलेल्या गोष्टीची नक्कल क्वांटम यंत्राने करावी हाच रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मांडलेला मूळ विचार होता. हायड्रोजन, लिथियम हायड्राइड, बेरिलियम हायड्राइड अशा छोट्या रेणूंची ऊर्जा काढून झाली आहे, मात्र ती साध्या संगणकावरही सहज काढता येते. २०२५ मध्ये ५६ क्यूबिटांच्या एका आयन यंत्राकडून, खरोखरच अनपेक्षित असल्याची खात्री देता येईल अशा यदृच्छ संख्या मिळवल्या गेल्या, आणि उपयोगाच्या जवळ जाणारे हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक आहे. २०१६ पासून इंटरनेटवरून खऱ्या क्वांटम चिपवर छोटे प्रोग्राम चालवता येतात, त्यामुळे शिकणाऱ्यांची एक पिढी तयार झाली आहे. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे ही यंत्रे पुढच्या यंत्रांतील त्रुटिदुरुस्ती कशी करावी हे शिकवत आहेत.

नवे औषध, नवी बॅटरी, रोजच्या वापरातला जलद संगणक, हे मात्र अजून त्यांच्याकडून मिळालेले नाही. रोजच्या वापरातला जलद संगणक कधीच मिळणार नाही, कारण लेखन, चित्रपट, खेळ यांच्या आकडेमोडीत लाटा पुसून मिळवण्यासारखे काहीच नसते.

पहिले संगणकही असेच बेभरवशाचे नव्हते का

हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. एनिआक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या आणि त्या वारंवार जळत. पण एक फरक विसरून चालणार नाही. १९४५ अखेर एनिआक चालू झाला तेव्हा त्याने पहिल्याच कामात असे हिशेब केले की जे माणसांना हाताने करणे व्यवहार्य नव्हते, आणि त्या उत्तरांची लगेच गरज होती. त्याला हरवायला दुसरे यंत्रच नव्हते. क्वांटम संगणकासमोर मात्र सत्तर-ऐंशी वर्षे परिपक्व झालेला प्रतिस्पर्धी उभा आहे. त्यामुळे त्याला पहिल्याच उपयोगी कामासाठी फार उंच उडी मारावी लागते.

ती उडी कशाची असेल, याचा एक दाखला रसायनशास्त्रज्ञ नेहमी देतात. खतांसाठी अमोनिया तयार करताना हवेतील नायट्रोजन चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमानाला आणि मोठ्या दाबाखाली हायड्रोजनशी जोडावा लागतो. मातीतील काही जिवाणू तेच काम साध्या तापमानाला करतात. त्यांच्या विकरात (एन्झाइममध्ये) लोह आणि मॉलिब्डेनम असलेला एक छोटा गाभा असतो आणि त्यातील इलेक्ट्रॉन परस्परांत इतके गुंतलेले असतात की साध्या संगणकावर त्यांचे अचूक गणित फार अवघड जाते. या गाभ्याचे गणित क्वांटम संगणकाने केले तरी त्यावरून लगेच नवा कारखाना उभा राहणार नाही, पण ज्याचे उत्तर कोणालातरी खरोखर हवे आहे असा तो प्रश्न असेल.

म्हणून पुढच्या बातमीत क्यूबिटांची संख्या किंवा वर्षांवरची शून्ये पाहण्यापेक्षा तार्किक क्यूबिट किती, आणि त्यांतला एक चुकण्याआधी किती पायऱ्या टिकतो, हे शोधावे. विलोचा सर्वांत चांगला तार्किक क्यूबिट चुकांच्या तपासणीच्या प्रत्येक फेरीत ०.१४ टक्के चुकत होता, म्हणजे सरासरी सातशे फेऱ्यांत एकदा. ६१७ अंकी संख्येसाठी किंवा त्या विकराच्या गाभ्यासाठी असे हजाराच्या आसपास किंवा अधिक तार्किक क्यूबिट लागतील आणि त्यांनी मिळून अब्जावधी पायऱ्या न चुकता पार पाडाव्या लागतील. आजच्याच दर्जाचे भौतिक क्यूबिट वापरले तर त्यासाठी एकेका तार्किक क्यूबिटमागे हजारो भौतिक क्यूबिट खर्ची पडतील. दर्जा सुधारला तर ती संख्या शेकड्यांवर येईल, आणि सध्या प्रयोगशाळांमधली बरीचशी मेहनत याच कामावर चालली आहे.